दर्यात हरवलेले आपले पूर्वज आणि त्यांचे कागद

आपल्या वस्तीत घरातले माणूस गेले की जलदान विधी होतो, पुण्यानुमोदन होते. त्रिशरण-पंचशील झाले की बौद्धाचार्य विचारतात, "कालकथिताचे पूर्ण नाव काय? कधी गेले?" दोनच गोष्टी लागतात, नाव आणि तारीख. पण आपल्यात अशीही काही घरे आहेत की तिथे एखाद्या आजोबा-पणजोबांच्या बाबतीत तारीख सांगता येत नाही. "बोटीवर गेले, ते काही परत आले नाहीत," एवढेच घरातली म्हातारी माणसे सांगतात. ना प्रेत आले, ना पत्र आले.

विहाराच्या स्मरणिकेसाठी जुन्या आठवणी गोळा करताना हे वाक्य आमच्या कानावर एकापेक्षा जास्त घरांतून आले. तेव्हा आम्ही ठरवले की दर्यात हरवलेल्या माणसांचा कागदोपत्री शोध कसा लागतो, हे एकदा नीट मांडावे. कारण शोध लागतो. सगळ्यांचा लागत नाही, पण आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त जणांचा लागतो. फक्त कुठला कागद, कुठल्या कपाटात आणि कुठल्या नावाने आहे, ते कळले पाहिजे.

बोटीवर गेला म्हणजे नेमका कुठे गेला?

कोकणातल्या आपल्या माणसांचा बोटीशी संबंध फार जुना. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ साली. त्याआधी, आणि घाटरस्ते धड नव्हते तोवर, रत्नागिरी-कुलाब्याचा माणूस मुंबईला यायचा तो आगबोटीनेच. १८९०च्या सुमारास लष्करात महारांची भरती बंद झाली. पिढ्यान् पिढ्या पलटणीत असलेली घरे एकदम उघडी पडली. पोटासाठी माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत शिरली. पुढे पहिल्या महायुद्धात सरकारला माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ साली मोडून टाकली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. लढाई समुद्रापलीकडे असली की सैनिक जाणार तो बोटीनेच.

त्याच्याही आधीची एक वाट आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून हजारो माणसे गिरमिटावर मॉरिशसला उसाच्या मळ्यांत गेली. त्यांत कोकणातली माणसे पुष्कळ होती आणि आपल्या जातीचीही होती.

म्हणजे "बोटीवर गेला" या एका वाक्यात चार वेगळ्या गोष्टी असू शकतात. तो प्रवासी म्हणून गेला, बोटीवर नोकरीला गेला, लढाईवर गेला किंवा गिरमिटावर गेला. चौघांचे कागद चार ठिकाणी आहेत. शोधाला निघण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना पहिला प्रश्न हाच विचारावा की तो बोटीवर होता कोण?

दुसरा प्रश्न सालाचा. म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही, पण खुणा आठवतात. "मानमोडीचा ताप आला त्याच्या आदल्या वर्षी" म्हटले की १९१७ धरावे. "बाबासाहेब महाडला तळ्यावर आले त्या साली" म्हणजे १९२७. "गोदीत धमाका झाला तेव्हा तुझी आत्या पोटात होती" म्हणजे १९४४चा एप्रिल. "दीक्षेच्या आधी" म्हणजे १९५६च्या ऑक्टोबरआधी. अशा दोन-तीन खुणा जुळल्या की साल बहुतेक एक-दोन वर्षांच्या आत येते. आजी-आत्यांच्या या आठवणी आधी वहीत उतरवून घ्याव्यात. सरकारी कपाटातला कागद पुढच्या वर्षीही तिथे असेल, आजीचे तसे नाही.

पुस्तकांची पेटी आणि बोटीवरची माणसे

१९१७ सालची एक गोष्ट आपल्यातल्या बहुतेकांनी भाषणांत ऐकलेली असते. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून यावे लागले. ते 'कैसर-इ-हिंद' बोटीने आले आणि त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने येणार होते. ती बोट वाटेत पाणतीराने बुडाली आणि इतक्या कष्टाने जमवलेली पुस्तके व कागद दर्यात गेले. त्या बोटीचे नाव 'सॅल्सेट' असे सांगतात. २० जुलै १९१७ रोजी इंग्लंडच्या खाडीत जर्मन पाणबुडीने ती बुडवली. सामानाचा विमा होता. थॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये भरपाई मिळाली आणि बडोद्याच्या खर्चाला तीच कामी आली, असे चरित्रकार लिहितात.

पुस्तके गेली म्हणून आपण हळहळतो आणि ते बरोबरच आहे. पण 'सॅल्सेट'वर १५ माणसेही मेली. त्या काळी अशा बोटींवर डेकवरचे खलाशी, इंजिनात कोळसा ओढणारे आणि भंडारी हे बहुतेक हिंदी असत. सफाई करणाऱ्याला बोटीवर टोपाज म्हणत, आणि ते काम कोणत्या जातींच्या वाट्याला येई हे आपल्याला सांगायला नको. पेटीचा विमा होता, म्हणून तिचा कागद झाला. मग त्या माणसांचा कागद कुठे आहे?

तो आहे, आणि तो शोधायला मुंबईबाहेर जायचीही गरज नाही. मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम म्हणून खलाशांचे घर आहे. तिथे पहिल्या महायुद्धात मेलेल्या आणि समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या २,०००हून अधिक खलाशांची स्मृती जपलेली आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या नाविक व व्यापारी बोटींवरच्या माणसांची नोंद आणखी मोठी आहे. ती नावे ६,०००च्या पुढे जातात. त्या नोंदवहीच्या दोन प्रती केल्या, एक मुंबईला ठेवली आणि एक चितगावला. या सगळ्या नावांचा सांभाळ कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था करते. हल्ली घरबसल्या मोबाईलवर नाव टाकून तिची यादी पाहता येते. यादीत नाव, बोटीवरचा हुद्दा, बोटीचे नाव आणि मृत्यूची तारीख असते. कधी कधी बापाचे नाव आणि गावही असते.

युद्धात न मेलेल्या बोटवाल्याचा शोध जरा लांबचा आहे. इंग्रजी बोट बंदरातून निघताना प्रत्येक नोकराचा करारनामा होई. १८६१ ते १९३८ या काळातले हे करारनामे पुढे वाटले गेले. दहावा हिस्सा लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेला. पाच आकड्याने संपणाऱ्या सालांचे, म्हणजे १८७५, १८८५, १८९५ असे, ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात गेले. उरलेले बहुतेक कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या सागरी इतिहास संग्रहात आहेत. १९१५ सालच्या याद्या तर नावानिशी संगणकावर आल्या आहेत. म्हणून बोटीचे नाव आठवत असेल तर ते सोन्यासारखे जपावे, कारण हे कागद माणसाच्या नावापेक्षा बोटीच्या नावाने लवकर सापडतात.

सैनिकांच्या बाबतीत एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्यांची नावे कोरली. हिंदी लोकांत अंमलदारांची नावे कोरली, आणि साध्या शिपायांचा पलटणीपुढे नुसता आकडा टाकला. आपला माणूस त्या आकड्यात गेला. २०२१च्या एप्रिलमध्ये या आयोगाने स्वतःच अहवाल काढून मान्य केले की पहिल्या महायुद्धातल्या निदान १,१६,००० माणसांचे नावानिशी स्मरण झालेच नाही, आणि त्यांत पूर्व आफ्रिकी व इजिप्शियन जास्त होते. तेव्हा स्मारकाच्या दगडावर नाव नाही म्हणून निराश होऊ नये. आयोगाच्या वह्यांत ते असू शकते.

गिरमिटाचे कागद मात्र आश्चर्य वाटावे इतके नीट आहेत. मॉरिशसमध्ये मोका गावी महात्मा गांधी संस्था आहे. तिथे उतरणाऱ्या प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, जात, गाव, उंची, अंगावरची खूण लिहिलेल्या वह्या आहेत. १८६०नंतरच्या पुष्कळांचे फोटोही आहेत. मळेवाल्याला आपला माणूस पळून गेला तर ओळखता यावा म्हणून हे लिहिले गेले. हेतू वाईट होता, पण पणतूला पणजोबाचा चेहरा दिसायचा तर तो त्याच वहीत दिसतो.

तिकीट होते, नाव नव्हते

आता सगळ्यांत अवघड भाग, म्हणजे प्रवासी.

१९२७च्या नोव्हेंबरात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी कोकण किनाऱ्यावर बुडाल्या. त्यानंतर २० वर्षांनी 'रामदास'. १७ जुलै १९४७, सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रामदास बोट रेवसला निघाली. गटारी अमावास्या तोंडावर होती. सणाला गावी जाणारे चाकरमानी, बाजारकरी बाया, पोरेबाळे अशी सुमारे ७०० माणसे बोटीवर होती. अर्ध्या-पाऊण तासात, काशाच्या खडकाजवळ, पावसाळी लाटांनी बोट कलली आणि उलटली. रेवसकडून मासळी घेऊन येणाऱ्या कोळी बांधवांनी जमतील तेवढी माणसे ओढून काढली. तरी ६००च्या वर माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. देशभर झेंड्याची तयारी चालू होती आणि अलिबागच्या किनाऱ्यावर प्रेते लागत होती.

मेलेले किती, याचे आकडे वेगवेगळे सांगतात. त्याचे कारण साधे आहे. धक्क्यावर तिकीट फाडून दिले जाई, नाव कोणी लिहून घेत नसे. साहेब पहिल्या वर्गाने विलायतेला निघाला तर त्याचे नाव वर्तमानपत्रात येई, आणि रेवसला निघालेला गिरणी कामगार म्हणजे एक तिकीट. १९४२च्या नोव्हेंबरात मुंबईहून आफ्रिकेला निघालेली 'तिलावा' बोट जपानी पाणबुडीने बुडवली. तिच्यावर ९५८ माणसे होती, २८० गेली, ६७८ वाचली, असा माणसागणिक हिशेब आज देता येतो. ती परदेशी जाणारी बोट होती, उतारूंची यादी होती. तिच्या उतारूंचे वारस २०२२ साली, ८० वर्षांनी, मुंबईत स्मरणाला जमले. रामदासच्या वारसांना तसा हिशेब जुळवता येत नाही.

मग रामदासवर गेलेल्याचा कागद कुठे शोधायचा? मुंबईच्या बंदरात प्रेत सापडले तर त्याची तपासणी कॉरोनर करी. ते पद पुढे रद्द झाले, पण सरकारी दप्तर म्हणून त्या नोंदींची चौकशी करता येते. अलिबागच्या बाजूला प्रेत लागले तर नोंद तिथल्या गावाला किंवा पोलीस ठाण्याला. फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे, तिथे सरकारी पत्रव्यवहार पाहता येतो. 'नवाकाळ'सारखी त्या आठवड्यातली वर्तमानपत्रे चाळावीत. 'जनता' साप्ताहिकही पाहायला विसरू नये. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुन्या अंकांची चौकशी करावी. आणि एवढे करून काही मिळाले नाही, तर सरळ गाव गाठावे.

गावच्या दप्तरात

जुन्या काळी गावात कोणी मेले की वर्दी द्यायला आपला माणूस जाई. सोयऱ्यांच्या गावी दहा-दहा कोस चालत जाऊन तो दुसऱ्याच्या मरणाची बातमी पोचवी. ती सक्तीची गावकी होती. गावाच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, म्हणजे नमुना १४मध्ये, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, नोंद जाई तीही बऱ्याचदा त्याच्याच तोंडच्या वर्दीवरून. पण तो स्वतः दर्यात गेला तर त्याची वर्दी कोण देणार? शिवाय ज्या गावात माणूस मरतो तिथेच नोंद होते, असा त्या वहीचा रिवाज. समुद्राला तलाठी नाही. म्हणून नमुना १४मध्ये बुडालेल्याचे नाव सहसा मिळत नाही, आणि शोध घेणारे बहुतेक लोक इथेच थांबतात.

थांबू नये. मयताची वही संपली की वारसाची वही उघडावी. माणूस मेला तर त्याच्या जागी कोण, हे सरकारला लिहावेच लागे. महार वतनाची जमीन भले दीड गुंठा असेल, पण तिच्या सातबाऱ्यावर नाव बदलल्याशिवाय चालत नसे. ही नोंद वारस रजिस्टरात, म्हणजे नमुना ६-क मध्ये, आणि फेरफाराच्या वहीत, म्हणजे नमुना ६ मध्ये असते. १९५८च्या कायद्याने वतने गेली, तेव्हाही कोणाच्या नावे जमीन करायची हे ठरवताना मागच्या पिढ्या लिहाव्या लागल्या. जमिनीचा तुकडा हातातून गेला असेल, त्याचा कागद तालुक्याला असतो.

आमच्या ओळखीच्या एका घरची गोष्ट नाव न घेता सांगतो. आजोबा १९४७ साली गेले. आजीला कोणी सांगे बुडाले, कोणी सांगे आफ्रिकेला पळाले. प्रेत नाही म्हणून तिने कुंकू पुसले नाही, आणि नवरा नाही म्हणून तिला कोणी हळदीकुंकवाला बोलावले नाही. वय लहान होते. भावकीत पाट लावायची बोलणी झाली, पण नवरा मेल्याची खात्री कोण देणार, तिथे ती अडली. ती तशीच जगली आणि तशीच गेली. नातवाने शोध घेतला तेव्हा एका कार्यालयात "तसले जुने काही नाही" म्हणून तीनदा परत पाठवले. चौथ्या खेपेला वारसाची वही निघाली. त्यात एक ओळ होती: "बोट बुडून मयत, वारस बायको व मुलगा." खाली तारीख होती. म्हणजे आजी ज्या एका वाक्यासाठी आयुष्यभर ताटकळली, ते तलाठ्याच्या वहीत केव्हाच लिहिलेले होते. ते तिला वाचून दाखवायला कोणी नव्हते.

कायद्याचेही एक सांगून ठेवतो. ज्याच्याकडून काही कळायला हवे होते त्यांना सात वर्षे त्याची काहीच खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे म्हणणाऱ्यानेच सिद्ध करायचे, असा नियम १८७२च्या पुरावा कायद्यात कलम १०८ने घातला होता. जुलै २०२४पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात हाच नियम कलम १११मध्ये आहे. म्हणजे त्या आजीला १९५४ सालीच कोर्टात दाद मागता आली असती.

नाव कोणत्या नावाने शोधायचे?

इथे आपल्या लोकांची एक खास अडचण येते. आपण आज ज्या आडनावाने ओळखले जातो, ते पणजोबांच्या कागदावर नसतेच. जुन्या दप्तरात आपली माणसे "धाकन्या वल्द सोन्या महार" अशी लिहिलेली सापडतात. लहान करून लिहिलेले नाव, बापाचे नाव आणि जात, आडनावाला जागाच नाही. पलटणीच्या कागदांत नावापुढे "नाक" लागतो. कोरेगावच्या स्तंभावरची आपली नावे आपण त्या "नाक"वरूनच ओळखतो. मुंबईला आल्यावर कोणी गावावरून "कर" लावले, कोणी कुळीवरून आडनाव घेतले, कोणी गिरणीतल्या मुकादमाने लिहिले तेच चालू ठेवले.

खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. वडील रामजी मालोजी सकपाळ, गाव आंबडवे. आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या दाखल्यात नाव आहे भिवा रामजी आंबेडकर. वडील आणि मुलगा एवढ्यात आडनाव बदलले, आणि "भिवा"चे पुढे भीमराव झाले. जगातला एवढा मोठा माणूस, आणि नुसते आजचे नाव घेऊन गेलो तर तो पहिल्या वहीत सापडणार नाही. मग आपल्या पणजोबांचे काय?

म्हणून शोधाला जाताना नावाची सगळी रूपे कागदावर मांडून न्यावीत: घरात हाक मारायचे ते, शाळेतले, गिरणीच्या पासावरचे, बापाचे, गावाचे. इंग्रजी यादीत तर स्पेलिंग मनाला येईल तसे असते. लक्ष्मण हा "एल-यू-एक्स" ने सुरू झालेला सापडतो, सखारामात दोन-दोन "सी" येतात. मोठ्याने उच्चार करून वाचले की कळते. आणि जातीचा उल्लेख दिसला तर मान खाली घालू नये. ज्यांनी तो लिहिला त्यांचा तो कलंक आहे. आपल्याला तो आज खूण म्हणून उपयोगी पडतो.

एक मात्र खरे, इतके करूनही काही नावे मिळणार नाहीत. रामदासवर अशीही माणसे असतील की घरात मागे कोणी उरले नाही, जमिनीचा तुकडा नव्हता, म्हणून कुठल्याच वहीत ओळ पडली नाही. त्यांची नोंद फक्त आपल्या बोलण्यात आहे, आणि ती लिहून ठेवणे आपल्याच हातात आहे.

यासाठी विहारात एक वही ठेवली आहे. दर रविवारी वंदनेनंतर ती टेबलावर असेल. आपल्या घरातले जे कोणी बोटीवर गेले आणि आले नाहीत, त्यांचे नाव, बापाचे नाव, गाव, साल किंवा सालाची खूण, बोटीचे नाव, आणि सांगणाऱ्याचे नाव तिच्यात लिहावे. लिहिता येत नसेल त्यांनी सांगावे, आमची मुले लिहून घेतील. ज्यांना पुढे गावच्या दप्तरात किंवा फोर्टातल्या पुराभिलेखागारात जायचे असेल, त्यांच्याबरोबर आमच्यातले कोणीतरी येईल. अर्ज कसा करायचा, नमुन्याची नक्कल कशी मागायची, हे दोन खेपांत अंगवळणी पडते. तारीख सापडली तर त्या तारखेला, आणि नाही सापडली तर १७ जुलैला, त्या सगळ्यांची नावे विहारात एकदा मोठ्याने वाचू.